ससून लायब्ररीत गारवा, आमच्या वाचनालयात भट्टी: असं का?

प्रश्न: आमच्या माजिवड्यात एका दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर वाचनालय आहे. इमारतीने चाळिशी ओलांडली आहे, वर सिमेंटची सपाट गच्ची. एप्रिल-मे महिन्यांत संध्याकाळी सहाला वाचत बसलं की डोक्यावरून ऊब उतरते. पंखा लावला तरी गरम हवाच अंगावर येते. मध्यंतरी काळा घोड्याजवळच्या डेव्हिड ससून लायब्ररीत जाणं झालं. ती दीडशे वर्षांची, पण तिथे पंख्याखाली निवांत बसता आलं. जुनी इमारत गार आणि तिच्या मानाने कालची इमारत तापलेली, हे कसं? आमच्या कार्यकारिणीत एक जण म्हणतो एसी बसवा, दुसरा म्हणतो सोलर लावा, तिसरा म्हणतो पाडा आणि नवी बांधा. कोणाचं ऐकावं?
(एक वाचक, माजिवडा)

उत्तर: एवढ्यात तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. आधी दुपारी दोनच्या सुमारास एकदा गच्चीत जाऊन या, चपला घालून. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे पायाखाली आहे.

ठाणे साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य थेट माथ्यावर असतो. त्या दिवसांत भिंतींवर ऊन तिरकं पडतं, गच्चीवर मात्र सरळ. दर चौरस मीटर गच्चीला दिवसभरात सहा-सात युनिट विजेइतकी ऊर्जा सूर्याकडून मिळते. हजार चौरस फुटांची गच्ची धरली तर हा आकडा सहाशे युनिटांच्या आसपास जातो, तोही रोज. काळवंडलेला, शेवाळ वाळून काळा पडलेला कोबा यातला बहुतेक हिस्सा पिऊन टाकतो.

ही उष्णता लगेच खाली येत नाही. पाच-सहा इंचांचा स्लॅब आणि त्यावरचा कोबा ओलांडायला तिला चार ते सहा तास लागतात. दुपारी एक-दोनला गच्चीने घेतलेली उष्णता संध्याकाळी सहा-सातला छतातून खाली उतरते. नेमकी तीच वाचनालयाच्या गर्दीची वेळ: कचेऱ्या सुटलेल्या, स्पर्धा परीक्षांची मुलं टेबलं अडवून बसलेली. बाहेर वारा सुटलेला असतो आणि आत छत अजून तापलेलं. पंखा हवा थंड करत नाही, असलेली हवा फक्त हलवतो, आणि छताला चिकटलेली हवा तर सर्वांत गरम. तुम्हाला जाणवली ती गरम हवा खरीच आहे, मनाचे खेळ नव्हेत.

आता ससून लायब्ररी. मुंबईच्या टांकसाळीत आणि गोदीत काम करणाऱ्या कारागीर मंडळींनी १८४७ मध्ये एक संस्था काढली. तिच्यासाठी ही इमारत १८७० मध्ये उभी राहिली. पिवळसर मालाड दगडाच्या जाड भिंती, उंच छत, पुढे कमानींचा सज्जा, मागे बाग. सज्ज्यामुळे भिंतीवर थेट ऊन येत नाही. दगड तापायला वेळ घेतो. उंच छतामुळे गरम हवा माणसांच्या डोक्यावरून बरीच वर राहते, आणि समोरासमोरच्या खिडक्या-दारांतून वारा आरपार जातो. वीज नव्हती तेव्हा वास्तूला हे सगळं करणं भागच होतं. ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू केलं किंवा त्याआधी १८६४ मध्ये कल्याणला सार्वजनिक वाचनालय निघालं, तेव्हाचे वाचकही पंख्याविनाच बसत. कौलारू उतार, माळा आणि ओटी एवढ्यावर भागत होतं.

ससून लायब्ररीची आणखी एक गोष्ट तुमच्या इमारतीच्या फार जवळची आहे. मधल्या काळात तिचंही मूळचं उतरतं छप्पर गेलं आणि तिथे काँक्रीटचा सपाट स्लॅब आला. सपाट स्लॅब म्हणजे गळती, आणि गळती म्हणजे दरवर्षीची मलमपट्टी. २०२२-२३ मध्ये वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली इमारतीचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा तो स्लॅब काढून पुन्हा उतरतं छप्पर बसवण्यात आलं. त्या कामाची दखल २०२३ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांतही घेतली गेली. हे काम वीज वाचवायला केलेलं नव्हतं, वारसा जपायला केलं होतं. पण छपराचा उतार परत आला की पाणीही वाहून जातं आणि छताखाली हवेची पोकळीही मिळते. जुन्या बांधणीतले असे बरेच निर्णय एका दगडात दोन पक्षी मारणारे होते. ते आपण सोयीच्या नावाखाली काढून टाकले आणि मग यंत्रं विकत घ्यायला निघालो.

तुमचा स्लॅब काढा असं मी सुचवत नाही. मात्र एक सुचवतो: ऊर्जाबचत नंतर, आधी पाणी. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत कोसळतो. ज्या छताखाली ओल आहे तिथे महागडे पंखे, दिवे, सोलर काहीही लावलं तरी पैसा पाण्यातच जाणार. गच्चीत गेलात की कठड्याच्या बुडाशी पाहा. तिथे सिमेंटचा गोलाकार उतार असतो, कारागीर त्याला वाटा म्हणतात. वाट्याला केसाएवढी चीर पडली तरी पाणी भिंतीत शिरतं आणि खालच्या मजल्यावर छत आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात उगवतं. मग पावसाचं पाणी जिथून नळात उतरतं तो खुरा पाहा. त्यात प्लास्टिकची पिशवी, कबुतराची पिसं आणि पिंपळाचं एक रोप हे त्रिकूट बहुधा सापडेलच. पिंपळ नुसता तोडू नका, मुळासकट काढून चीर भरून घ्या. तोडलेला पिंपळ श्रावणात दुप्पट जोमाने येतो.

याच्याही आधी स्ट्रक्चरल ऑडिट. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतींना ते करून घ्यावंच लागतं, आणि तुमची इमारत त्यात बसते. दर पावसाळ्याआधी पालिका धोकादायक इमारतींची यादी लावते ती तुम्ही पाहिलीच असेल. त्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२ बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. इमारत सी-१ मध्ये गेली तर पुढचं काहीच वाचायची गरज नाही, पुस्तकं हलवा. बाकी तिन्हींत मात्र वाचायला जागा आहे.

ऑडिट करणाऱ्या अभियंत्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: इथे पुस्तकांची कपाटं आहेत, आणि ती वरच्या मजल्यावर आहेत. राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात. भारतीय मानकाप्रमाणे पुस्तकांच्या कपाटांच्या खोलीसाठी तोच भार ६०० किलो धरावा लागतो, आणि कपाट २.२ मीटरहून उंच असेल तर त्यावर आणखी. राहण्यासाठी बांधलेल्या इमारतीत पुढे वाचनालय आलं असेल तर तिच्यावर आधीच तिप्पट ओझं असू शकतं. त्यात गच्चीवर गळती थांबवायला दर दहा वर्षांनी जुन्याच कोब्यावर नवा कोबा घातलेला असतो. विटांच्या तुकड्यांचा चार-साडेचार इंचांचा कोबा चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास भरतो. असे दोन थर सापडले तर जुना उखडून काढणं हीच पहिली दुरुस्ती. यात वीज वाचत नाही, इमारत वाचते.

एवढं झालं की गच्चीला पांढरं करा. मुंबई-ठाण्याच्या जुन्या गच्च्यांवर पांढऱ्या चकचकीत लाद्यांचे तुकडे बसवलेले दिसतात, तो चायना मोझॅक. हौसेचं काम वाटतं, पण पाणी अडवायचं आणि ऊन परतवायचं ही दोन्ही कामं तो निमूट करतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. अभियंता वजनाला नाही म्हणाला तर ऊन परतवणारा पांढरा रंग लावा. नवा असताना असा रंग ऊन ८० टक्क्यांपर्यंत परत पाठवतो. तेलंगण सरकारने २०२३ मध्ये थंड छपरांचं धोरणच काढलं, अहमदाबादमध्ये वस्त्यांतून छपरं रंगवली गेली. पण तिकडची हवा कोरडी. आपल्याकडे पहिल्या पावसाळ्यानंतर पांढऱ्यावर हिरवट-काळी बुरशी येते आणि सगळा परिणाम उतरतो. म्हणून दरवर्षी ऑक्टोबरात ब्रश आणि पाणी घेऊन गच्ची घासायची, हे काम अंदाजपत्रकात घाला. रंगाच्या डब्यावर काय हमी छापली आहे यापेक्षा हे महत्त्वाचं.

यापेक्षाही परिणामकारक उपाय ठाण्यात गल्लोगल्ली दिसतो: गच्चीवर पत्र्याची शेड. दिसायला ओबडधोबड, पण तत्त्वाने ससून लायब्ररीच्या छपराचाच धाकटा भाऊ. ऊन पत्र्यावर, मध्ये हवा खेळती, स्लॅब सावलीत. पत्रा फिक्या रंगाचा घ्या, बाजू उघड्या ठेवा, पालिकेची परवानगी घ्या, आणि तिथे मोडक्या खुर्च्यांचं गोदाम होऊ देऊ नका. माजिवड्यात आणखी एक शक्यता आहे. शेजारच्या टॉवरची सावली दुपारनंतर तुमच्या गच्चीवर पडत असेल तर निम्मं काम त्या बिल्डरने फुकट करून ठेवलं आहे. गच्चीचा खर्च काढण्याआधी एप्रिलमध्ये सावली कुठवर येते ते पाहून घ्या.

खिडक्यांचं प्रकरण जरा नाजूक. चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतींना लाकडी झडपांच्या खिडक्या होत्या, पूर्ण उघडायच्या. नूतनीकरण म्हटलं की पहिला बळी त्यांचा जातो आणि ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या येतात. सरकती खिडकी कितीही मोठी असो, उघडते अर्धीच. म्हणजे एका झटक्यात वाऱ्याची निम्मी वाट बंद, आणि वर आपण म्हणणार की हल्ली वाराच येत नाही. तुमच्याकडे अजून झडपा असतील तर सुताराला बोलवा, बिजागऱ्या बदला, रंग द्या. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून आडोसा हवा: रुंद छज्जा, बांबूचे चिक, काहीही चालेल. आतून लावलेला जाड पडदा उजेड अडवतो, पण ऊन काचेतून आत येऊन गेलेलं असतं.

इथे माजिवड्याची अडचण मला कळते. एका अंगाला पूर्व द्रुतगती महामार्ग, दुसऱ्या अंगाला घोडबंदर रस्ता, वर उड्डाणपूल, आणि त्यात मेट्रोचं काम. खिडकी उघडली की ट्रकचा भोंगा आणि धूळ, बंद केली की घुसमट. सगळ्या खिडक्यांना एकच नियम लावू नका. रस्त्याकडच्या काचा बंद आणि घट्ट, त्या बाजूला कपाटं. मागच्या शांत बाजूला उघड्या खिडक्या आणि वाचायची टेबलं. रस्त्याकडच्या भिंतीत छताजवळ एक-दोन एक्झॉस्ट पंखे बसवले की हवा मागून आत येते आणि छताजवळची गरम हवा बाहेर पडते. संध्याकाळी बाहेर गार झाल्यावर ते तास-दोन तास जास्त चालवले तर सकाळी खोली पुष्कळ निवलेली असते.

आता वीज. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. तांब्याच्या चोकची जुनी ट्यूब चोकसह ५० वॅटच्या पुढे जाते, एलईडी पट्टी २० वर भागवते. तुमच्या वाचनालयात १२ पंखे आणि २० ट्यूब आहेत, रोज दहा तास, वर्षाला ३०० दिवस चालतात असं धरू. आज वर्षाला ५,८०० युनिटांच्या आसपास जातात, बदलल्यावर २,३०० पुरतील. साडेतीन हजार युनिट वाचले. युनिटला दहा रुपये धरले तर पस्तीस हजार रुपये. पंख्यांना २०२३ पासून ताऱ्यांचं लेबल सक्तीचं आहे, ते पाहून घ्या. आणि एक अनुभवाचा सल्ला: रिमोटवर चालणारे पंखे वाचनालयात घेऊ नका, रिमोट महिन्याभरात कोणाच्या तरी पिशवीतून घरी जातो. भिंतीवरच्या रेग्युलेटरवर चालणारे मिळतात. दिवे निळसर पांढरे नकोत, थोडे उबदार घ्या. टेबलावर ३०० लक्सच्या आसपास उजेड पडला की पुरे, छत उजळायची गरज नाही. वायरिंग बदलालच, तेव्हा प्रत्येक रांगेला वेगळं बटण द्या. अनेक वाचनालयांत एका बटणावर अख्खा हॉल लागतो आणि एका आजोबांच्या पेपरसाठी दहा ट्यूब जळतात.

दिवसा उजेड असेल तर दिवा लागूच नये हा विचार जुनाच आहे. बडोद्याला सयाजीरावांच्या ग्रंथालय चळवळीतून उभ्या राहिलेल्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांची जमीन काचेच्या लाद्यांची आहे, वरचा उजेड झिरपत खालच्या कपाटांपर्यंत जातो. तुम्हाला काचेची जमीन नको, पण खिडकीला पाठ करून उभं केलेलं उंच कपाट तिथून हलवलं तरी दोन दिवे दिवसा बंद राहतील.

आणि एसी. याच्यावर जरा थांबतो, कारण इथे सगळेच पुस्तकांचं नाव पुढे करतात. पुस्तकांना एसी हवा असतो हे अर्धसत्य आहे. कागदाचा आपल्या हवेतला मोठा शत्रू दमटपणा. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर काही दिवस राहिली की बुरशी धरते, कसर लागते, पुठ्ठा मऊ पडतो. दिवसरात्र चालणारा, आर्द्रता धरून ठेवणारा एसी पुस्तकं वाचवतो, हे खरं. तो संग्रहालयाच्या दुर्मीळ ग्रंथांच्या खोलीत शोभतो. पण वाचनालयातला एसी सकाळी सुरू होतो आणि रात्री आठला शिपाई बटण बंद करून घरी जातो. तेव्हा काय होतं पाहा. जुलैत बाहेरची हवा २८ अंश, आर्द्रता ८५ टक्के. ही हवा २५ अंशांच्या आसपास गार झाली की पाणी सोडते. दिवसभरात कपाटं, पुस्तकं, भिंती २३-२४ अंशांवर आलेल्या असतात. एसी बंद, फटींतून दमट हवा आत, आणि फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर येतं तसं पाणी पुस्तकांवर येतं, फक्त डोळ्यांना न दिसण्याइतकं. हे चार महिने रोज रात्री. दिवाळीत कपाट आवरायला काढलं की मागच्या ओळीतल्या पुस्तकांच्या कडेला राखाडी-काळे ठिपके, आणि पान उलटलं की कुबट वास. मग सगळे म्हणतात, एसी असूनही असं कसं झालं? बहुधा एसीमुळेच झालं.

मोठमोठ्या संग्रहालयांनीही आपली चूक मान्य केली आहे. पूर्वी तापमान आणि आर्द्रता काट्यावर धरण्याचा आग्रह असे, त्यापायी प्रचंड वीज जाई. जगातल्या आघाडीच्या संग्रहालयांच्या बिझो गटाने तो सैल केला: बहुतेक वस्तूंना १६ ते २५ अंश आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता चालेल, एवढंच की बदल हळूहळू व्हावेत. ठाण्याच्या सार्वजनिक वाचनालयाला तेवढंही जमणार नाही, पण त्यातला शेवटचा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. रोज गार-गरम करण्यापेक्षा एकसारखी हवा खेळती ठेवणं पुस्तकांना मानवतं. कपाटं बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मागची फळी जाळीची करा, खालचा कप्पा जमिनीपासून वर उचला. दुर्मीळ आणि जुनी पुस्तकं असतील तर एका लहान, घट्ट बंद खोलीत ठेवून तिथे ओल शोषणारं यंत्र लावा. त्याला अख्ख्या हॉलच्या एसीच्या मानाने फार थोडी वीज लागते.

खर्चाचं गणितही बोलकं आहे. दीड टनाचे चार एसी रोज आठ तास चालवले तर वर्षाला दहा हजार युनिटांच्या घरात जातील. पंखे आणि दिवे बदलून वाचवलेल्याच्या जवळपास तिप्पट. २०२२ मध्ये राज्य सरकारने ग्रंथालयांच्या अनुदानात ६० टक्के वाढ केली तेव्हा 'ड' वर्गाच्या वाचनालयाचं वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजारांवर आलं. एसीचं बिल त्याच्या दुप्पट. तरीही अभ्यासिकेच्या मुलांसाठी एका खोलीला एसी हवाच असेल तर तिथे पुस्तकं ठेवू नका आणि तापमान २६ वर ठेवून पंखा चालू ठेवा. मुलांना तेवढं पुरतं.

पाडून नवी बांधण्याबद्दल थोडक्यात. एक टन सिमेंट तयार होताना अर्ध्या टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नव्या इमारतीच्या काँक्रीटमध्ये जितकी ऊर्जा घातली जाते ती पंखे-दिवे बदलून भरून काढायला एक पिढी जाते. शिवाय पुनर्विकासात वाचनालयाला जागा मिळते ती बहुधा तळमजल्याच्या मागच्या बाजूला, पार्किंगला लागून, आणि मिळेपर्यंत वाचक पांगलेले असतात. ऑडिटने सक्ती केली तरच तो मार्ग धरा. दुरुस्तीसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना पाहा. १९७२ मध्ये स्थापन झालेली ही संस्था पुस्तकांबरोबर इमारतीची जागा वाढवायलाही मदत करते. अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत जातो. ऊर्जा लेखापरीक्षण करून घ्यायचं तर महाऊर्जा या राज्याच्या ऊर्जा विकास संस्थेच्या यादीवरच्या संस्था आहेत.

प्रश्न: पावसाळ्यात पुस्तकांच्या कपाटांत डांबराच्या गोळ्या ठेवल्या तर बुरशी येत नाही ना?
(एक वाचक, कल्याण)

उत्तर: येते. डांबरगोळीच्या वासाने काही किडे दूर राहतात, पण बुरशीला त्याचं काही वाटत नाही. उलट बंद खोलीत तो वास दिवसभर घेणाऱ्या ग्रंथपालांना त्रास होतो. कडुनिंबाचा वाळलेला पालाही ओल काढत नाही. कपाटाची दारं उघडी ठेवून वर पंखा चालू ठेवणं हा कमी खर्चाचा आणि जास्त खात्रीचा उपाय. बुरशी आलेलं पुस्तक मात्र फडक्याने झटकू नका, बीजं सगळ्या कपाटभर उडतात. ते आधी वेगळं काढा, सावलीत वाऱ्यावर वाळवा, आणि कोरडं झाल्यावर मऊ ब्रशने खोलीच्या बाहेर साफ करा. नाकाला रुमाल बांधून.

प्रश्न: आमच्या वाचनालयाच्या गच्चीवर सोलर लावलं तर एसी फुकटात चालेल का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: गच्ची मोठी असेल तर चालेल, पण फुकटात नाही. एक किलोवॅट सोलरला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि त्यातून वर्षभराच्या सरासरीने रोज चार युनिट मिळतात. वर म्हटलेल्या चार एसींना रोज तीस-पस्तीस युनिट हवेत, म्हणजे आठ-नऊ किलोवॅट. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन निम्म्यावर येतं. नेट मीटरिंग असल्याने उन्हाळ्यातलं जास्तीचं युनिट पावसाळ्यात वळतं होतं, पण आर्थिक वर्ष संपलं की उरलेल्याची किंमत अगदी कमी मिळते. त्यामुळे गरजेपेक्षा मोठा प्रकल्प बांधण्यात अर्थ नाही. आधी पंखे-दिवे बदला, मग उरलेल्या वापराएवढं सोलर लावा. तसं केलं तर तीन किलोवॅटही पुरतील. पॅनेल माणूस खालून चालेल इतक्या उंच सांगाड्यावर घ्या, म्हणजे स्लॅबला सावली मिळते आणि गळती निघाली तर खाली कामही करता येतं. बुडाशी बोल्ट मारताना गच्चीच्या जलरोधक थराला भोक पडणार नाही याची लेखी हमी कंत्राटदाराकडून घ्या. सूर्यघर योजनेचं अनुदान घरांना आणि सोसायट्यांना आहे, वाचनालयाला ते धरून हिशेब करू नका. आणि सोलरची क्षमता तुमच्या मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही, तो आकडा बिलावर छापलेला असतो. बिल हातात घ्याल तेव्हा त्याच्या वरच्या कोपऱ्यात दराचा वर्गही पाहा. महावितरणच्या दरपत्रकात 'सार्वजनिक सेवा' असा वेगळा वर्ग आहे आणि वाचनालयं त्यात येतात. तिथे 'व्यापारी' छापलेलं दिसलं तर पॅनेलवाल्याला फोन करण्याआधी उपविभागीय कार्यालयात अर्ज द्या, संस्थेच्या नोंदणीची आणि ग्रंथालय मान्यतेची प्रत जोडून.